कर्नाळ रस्त्याचे पाच गुंठे आणि विश्रामबागचा फ्लॅट: सरकारचा हिस्सा किती, अडतं कुठं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मिरजेजवळच्या एका शाळेत शिक्षक आहेत, निवृत्तीला सात वर्षं राहिलीत. चाळीस लाख जमलेत. एजंटानं दोन गोष्टी दाखवल्यात: सांगलीच्या कर्नाळ रस्त्याला उसाच्या रानातले पाच गुंठे, 'एनए (म्हणजे बिगरशेती) होणारच आहे' या बोलीवर, आणि विश्रामबागेत बांधकाम चालू असलेला ३६ लाखांचा फ्लॅट. सरकारी खर्च किती येईल, कुठले नियम आडवे येतील आणि पाच वर्षांनी विकल्यावर हातात काय उरेल, हे त्यांना हवं आहे.

सर, मी सांगलीत सव्वीस वर्षं दस्त आणि टायटलचं, म्हणजे मालकीहक्क तपासायचं, काम करतोय. तुमच्यासारखे आठवड्याला दोन-तीन जण येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, 'स्टँप किती लागेल?' स्टँप हा त्यातला सगळ्यात सरळ खर्च. तो आधी कळतो, एकदाच भरायचा असतो आणि पावती मिळते. माणूस बुडतो तो त्या नियमांत, जे घेताना कुणी विचारत नाही आणि विकताना समोरच्याच्या बँकेचा वकील पहिल्या पाच मिनिटांत काढतो. म्हणून मी हिशोब उलटा लावतो. तुम्ही घेताय ते सोडा. पाच वर्षांनी तुमच्याकडून घेणारा कोण, त्याला कर्ज मिळेल का, त्याच्या नावावर दस्त होईल का, हे आधी बघू.

तरी फ्लॅटचा आकडा आधी मांडतो, तो सोपा आहे. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क पाच टक्के आणि वर स्थानिक संस्थेचा एक टक्का, मिळून सहा. ३६ लाखांवर २ लाख १६ हजार. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३० हजार, म्हणजे तुमची ३० हजारच. जीएसटी एक टक्का, ३६ हजार. एकूण २ लाख ८२ हजार. घर वहिनींच्या एकट्यांच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट आहे, ३६ हजार वाचतात. ही सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे. आधी अट होती की पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही. ती २०२३ मध्ये काढली, त्यामुळे आता सवलत खरोखर उपयोगाची झाली. दोघांचं नाव एकत्र लावलं की सूट गेली. आणि एक गोष्ट एजंट सांगणार नाही: पैसे तुमचे आणि नाव वहिनींचं, तर भाडं आणि नफा आयकर खातं तुमच्याच उत्पन्नात धरतं. नाव लावा, पण करही वाटला जाईल असं समजू नका.

जीएसटीच्या त्या एक टक्क्यात एक खड्डा आहे. सांगली-साताऱ्यासारख्या शहरांत घराची किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्र) ९० चौरस मीटरपर्यंत असेल तरच एक टक्का. त्यापुढे सरळ पाच. ४५ लाखांच्या घरावर ४५ हजार आणि ४६ लाखांच्या घरावर २ लाख ३० हजार. किमतीत एक लाख वाढले की करात १ लाख ८५ हजार वाढतात. यात किंमत म्हणजे करारातली मूळ रक्कम नव्हे. पार्किंग, विकास आकार, 'कोपऱ्याचा फ्लॅट आहे' म्हणून लावलेले पैसे, असं बिल्डर जे जे घेतो ते सगळं धरतात. मागं एका गिऱ्हाइकाचा करार ४४ लाखांचा होता आणि पार्किंगचे दीड लाख वेगळ्या कागदावर. मी तो कागद टेबलावर ठेवून विचारलं, हा कागद जीएसटीवाल्यानं बघितला तर? बिल्डरचा माणूस गप्प बसला. शेवटी पार्किंग धरून ४५ च्या आत किंमत बसवली. तुमचा ३६ लाखांचा व्यवहार या रेषेपासून लांब आहे, पण वरचा मजला बघायला गेलात तर लक्षात ठेवा. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकायचा राहिलेला फ्लॅट घेतला तर जीएसटी लागतच नाही. त्यामुळे तयार फ्लॅट लाखभर महाग दिसला तरी लगेच नाक मुरडू नका.

आता विक्री. समजा पाच वर्षांनी तोच फ्लॅट ४६ लाखांना गेला. लोक म्हणतील दहा लाख सुटले. वहिनींच्या नावावर घेतला असं धरून तुमचा खर्च ३८ लाख ४६ हजार. नफा राहिला ७ लाख ५४ हजार. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदी किंमत न वाढवता, साडेबारा टक्के. त्यावर चार टक्के सेस. म्हणजे ९८ हजारांच्या आसपास. हातात ६ लाख ५६ हजार. साडेअडतीस लाखांवर पाच वर्षांत एवढे, म्हणजे वर्षाला सव्वातीन टक्क्यांच्या जवळपास. यात दलाली, घरपट्टी, मेंटेनन्स धरलेला नाही आणि भाडंही धरलेलं नाही. सांगलीत फ्लॅटचं गणित बसतं ते भाड्यावर, भाववाढीवर नाही. निदान गेल्या दहा वर्षांत माझ्यासमोर आलेल्या कागदांवरून माझं तरी हेच मत झालंय. बांधकाम चालू असताना भाडं नाही आणि दोन वर्षं अशीच जाणार, हेही धरा.

मध्येच विकायचा विचार असेल तर मुद्रांक कायद्यात एक 'गुंतवणूकदार कलम' आहे. बिल्डरकडून घेतलेला फ्लॅट तीन वर्षांच्या आत पुढच्याला दिला तर तुम्ही भरलेलं मुद्रांक त्याच्या शुल्कातून वजा होतं. पूर्वी ही मुदत एक वर्ष होती, २०२२ मध्ये तीन केली. पण करारात तुमचा उल्लेख गुंतवणूकदार म्हणून हवा. छापील करारात तो नसतो, सांगून घालून घ्यावा लागतो.

महारेराबद्दल, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाबद्दल, फार लिहीत नाही. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी किंवा सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणी सक्तीची आहे, आणि नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. नंबर घ्या, संकेतस्थळावर टाका, कर्जाचा बोजा आणि पूर्ण करायची तारीख बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता त्या पाच गुंठ्यांकडे येऊ. इथंच मला जास्त बोलायचंय.

पहिली गोष्ट, ते रान आहे. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यानंच घ्यायची. तुमच्या वडिलांच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव वारसानं लागलंय का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. नसेल तर विषय तिथंच संपतो. दुसरी गोष्ट, तुकडेबंदी, म्हणजे ठरलेल्या किमान (प्रमाणभूत) क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकायला बंदी. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनं आपल्याकडं प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे झालं. उसाचं रान म्हणजे बागायत. मंजूर लेआउट, म्हणजे प्लॉट पाडायचा आराखडा, नसताना त्यातले पाच गुंठे स्वतंत्र तोडून तुमच्या नावावर होत नाहीत.

मग एजंट काय सांगतो, ते मला न विचारता माहीत आहे. 'सर, दहा गुंठ्यांचा एकच दस्त करू, तुम्ही आणि अजून एक पार्टी, सामाईकात. कब्जा आपापला. मध्ये तार ओढू.' दस्त होतो, फेरफारही होतो, सातबाऱ्यावर नाव बघून माणूस खूश होतो. पण त्या सातबाऱ्यावर तुमचे पाच गुंठे कुठले, पूर्वेचे की पश्चिमेचे, हे कुठंच लिहिलेलं नसतं. बांधकाम परवाना मागायला गेलात तर दुसऱ्याची सही लागते. बँक कर्ज देत नाही, म्हणजे तुमच्याकडून घेणारा रोखीवालाच हवा, आणि रोखीवाला भाव पाडूनच मागतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. २००६ मध्ये मीच कुपवाडच्या बाजूला असे तीन गुंठे सामाईकात घेतले. दुसऱ्यांचे दस्त तपासणारा मी! विकणारा ओळखीचा होता, भाव चांगला होता आणि 'दोन वर्षांत लेआउट पडेल' असं सगळेच म्हणत होते. २०१४ मध्ये मुलीच्या शिक्षणासाठी विकायला काढले. तीन गिऱ्हाइकं आली, तिघांनाही जागा आवडली. तिघांच्याही बँकांच्या वकिलांनी एकच शेरा मारला: अविभक्त हिस्सा, चतुःसीमा नाहीत. तिसऱ्याचा वकील तर माझ्याच ओळखीचा, फोन करून हसत म्हणाला, 'साहेब, तुम्ही हे घेतलंत?' शेवटी शेजारच्या हिस्सेदारालाच दिले, बाजारभावापेक्षा बऱ्याच कमीत. त्याला माहीत होतं की दुसरं कुणी घेणार नाही. बायको अजून दिवाळीला आठवण करून देते.

दुसरी पद्धत त्याहून वाईट: स्टँपपेपरवर नोटरी, सोबत कुलमुखत्यारपत्र आणि ताबापावती. ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा स्टँप जाऊन ५०० चा आला, एवढाच त्यात फरक पडलाय. मालकी नोटरीनं येत नाही.

तुम्ही म्हणाल, तुकडेबंदी तर उठली ना? पेपरात तसे मथळे होते. झालंय ते असं. पूर्वी तुकड्याचा व्यवहार नियमित करायला बाजारमूल्याच्या २५ टक्के भरायला लागायचे. २०२४ मध्ये ते पाच टक्के केले. नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशानं शहरी आणि नियोजन क्षेत्रातले, १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात झालेले व्यवहार विनाशुल्क नियमित करायची वाट काढली. म्हणजे माफी झालेल्या व्यवहारांना आहे. आज नवा तुकडा घेणाऱ्याला त्या तारखांचा काही उपयोग नाही. सांगलीकरांना हे नवीन नाही म्हणा. गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेले प्लॉट नियमित करायचा, कायदा २००१ चा. त्यात आधी १ जानेवारी २००१ पर्यंतचे प्लॉट बसत होते, पुढं २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. त्यामुळे आपल्याकडं एक समजूत पक्की झालीय, 'आज घ्या, उद्या सरकार नियमित करतंच.' करतं, खरं आहे. पण कधी करेल आणि किती पैसे घेऊन करेल हे तुमच्या हातात नसतं. तोवर तुमचे पैसे रानात पडून राहतात. तुमच्याकडं सात वर्षं आहेत, वीस नाहीत.

'एनए होणारच आहे' याचा अर्थही समजून घ्या. एनए आणि मंजूर लेआउट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकास आराखड्यात रहिवासी झोन असेल, किंवा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत जमीन असेल, तर सरकारनं ठरवलेली रक्कम भरून जमीन अकृषिक धरली जाते. एजंट ते चलन प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दाखवतो. पण चलन म्हणजे प्लॉट नव्हे. प्लॉट पडतात ते लेआउट मंजूर झाल्यावर, आणि त्याची किंमत मोजायला लागते. एका एकरात ४० गुंठे. त्यातले दहा टक्के खुली जागा म्हणून सोडायचे, मग आतले रस्ते, मग कोपऱ्यांतले विकता न येणारे तुकडे. विकायला हातात २५-२६ गुंठे राहिले तर चांगलं म्हणायचं. शिवाय विकास शुल्क, मोजणी, रस्ते, गटारं, वीज. म्हणून मंजूर लेआउटमधला गुंठा कच्च्या गुंठ्याच्या दीड-दोन पट भावानं दिसतो. लोकांना वाटतं, विकसक लुटतोय. त्यातला बराचसा भाग ती गेलेली जमीन आणि हे शुल्कच असतं. कच्चा गुंठा घेतलात तर तो खर्च टळत नाही, फक्त पुढं ढकलला जातो, आणि तो करणारे तुम्ही एकटे नसता. दहा हिस्सेदारांना एका टेबलावर बसवावं लागतं.

तिसरा मुद्दा पाण्याचा. कर्नाळ रस्ता म्हटलं की मी आधी पूररेषेचा नकाशा उघडतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ धोक्याची. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा आलं. पाटबंधारे खात्याच्या नकाशात दोन रेषा असतात: निळी, साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, शंभर वर्षांतल्या. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत नवीन बांधकाम नाही. निळ्या-लालच्या मध्ये जोतं उंच घेऊन अटींवर परवानगी मिळते. तुमचे पाच गुंठे निळ्याच्या आत असतील तर तिथं ऊसच पिकणार. आणि उसाला घराच्या भावानं कोण घेणार?

पुराची दुसरी बाजू कमी लोकांना ठाऊक आहे. २०१९ नंतर गावभागात, नदीकाठच्या गल्ल्यांत तळमजल्याचे भाव उतरले. रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांकासाठीचं सरकारी दरपत्रक, मात्र पाणी कुठवर आलं होतं ते विचारत नाही. राज्यभर तो दोन वर्षं तसाच ठेवला होता, मग एप्रिल २०२५ ला सरासरी ४.३९ टक्के वाढवला. समजा एका दुकानाचं रेकनरप्रमाणे मूल्य ३० लाख आणि प्रामाणिक सौदा झाला २६ ला. मुद्रांक ३० वरच भरायचं. त्याहून पुढं, फरक दहा टक्क्यांपेक्षा जास्त असल्यामुळे आयकर खातं विकणाऱ्याला ३० ला विकलं असं धरून नफा मोजायला लावतं आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात चार लाख मिळवतं. एकाच न मिळालेल्या चार लाखांवर दोघांनी कर! यावर उपाय आहे: दस्त करण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे खरं मूल्य आणि शुल्क ठरवून घ्यायला, अर्ज करायचा, पुराचे फोटो, पंचनामा, मूल्यांकनाचा अहवाल जोडायचा. वेळ लागतो, मात्र मी दोनदा करून घेतलंय. स्वस्तात मिळतंय म्हणून नदीकाठचं घ्यायचं असेल तर हा फरक किमतीतून आधीच वळता करून मागा.

उलट टोकाचा एक मोह असतो, दस्तात किंमत कमी दाखवायचा. 'रेकनरएवढी पांढऱ्यात, बाकी रोख.' मी यात पडत नाही, आणि हे फक्त नीतीचं म्हणून सांगत नाही. विकताना तुमची खरेदी किंमत दस्तातली धरली जाते, म्हणजे आज लपवलेल्या रोखीवर उद्या तुम्हीच साडेबारा टक्के भरता. आणि रस्ता आला तर? आपल्या जिल्ह्यातनं महामार्गांची आखणी कुठून कुठं चालली आहे हे रोज वाचता. भूसंपादनात भाव ठरतो तो रेकनर किंवा आसपासच्या मागच्या तीन वर्षांतल्या दस्तांवरनं. गावानं वर्षानुवर्षं दस्त कमी किमतीचे केले आणि मग मोबदला कमी मिळाला म्हणून मोर्चा काढला, असं मी डोळ्यांनी बघितलंय. मोर्च्यात मीही होतो, चुलत्यांची अर्धा एकर जात होती.

कराच्या बाबतीत शेतजमिनीला एक मोठा फायदा सांगतात, की विकल्यावर करच नाही. अर्धं खरं. एक ते दहा लाख लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटरच्या आतली शेतजमीन करातून सुटत नाही. सांगली आणि सातारा, दोन्ही शहरं याच गटात. कर्नाळ, हरिपूर, माधवनगर, बुधगाव ही गावं हद्दीला लागूनच. हद्द वाढली की ते सहा किलोमीटरही पुढं सरकतात. साताऱ्यात २०२० ला शाहूपुरी वगैरे भाग पालिकेत आला, तेव्हा माझ्या मेहुण्याला हे कळलं, तेही विक्रीनंतर सीएकडं गेल्यावर.

साताऱ्याचा विषय निघालाच आहे म्हणून, कारण तुमच्या पत्रात शेवटी 'कासकडं फार्महाऊस' असंही होतं. फार्महाऊसच्या नियमात किमान क्षेत्र ०.४ हेक्टर आहे, जवळजवळ एक एकर. दहा-दहा गुंठ्यांची 'फार्महाऊस' विकणारे जे फलक दिसतात, त्यांचं उत्तर त्यातच आलं. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, व्याघ्र प्रकल्प आहे, आणि कोयना, उरमोडीच्या बाजूला इतर हक्कात पुनर्वसनाचा शेरा नसलेला सातबारा मिळाला तर मी आधी दोनदा वाचतो. चाळीस लाखांत आणि सात वर्षांत तो नाद नको.

तर तुमच्या जागी मी काय केलं असतं? पाच गुंठे सोडले असते. फ्लॅट घ्यायचाच तर भाडं लगेच सुरू होईल असा, दाखला मिळालेला शोधला असता. किंवा मंजूर लेआउटमधला, महारेरा नंबर असलेला, लाल रेषेच्या बाहेरचा दोन-अडीच गुंठ्यांचा प्लॉट आणि उरलेले पैसे बँकेत. प्लॉटला जीएसटी नाही, पण भाडंही नाही आणि महिलांची सवलतही नाही, ती घर-फ्लॅटलाच आहे. या दोन्हीत तुमच्याकडून घेणाऱ्याला कर्ज मिळतं.

शेवटी तुम्ही लिहिलंय की एजंट शनिवारपर्यंत ५१ हजार इसार मागतोय, 'दुसरी पार्टी तयार आहे.' ती पार्टी कायम तयार असते. त्याच्याकडून गट नंबर तेवढा घ्या. सातबारा, इतर हक्कातल्या नोंदी, जुने फेरफार, झोन दाखला आणि पूररेषेचा नकाशा, हे मी काढून देतो. तीन-चार दिवस लागतील. तोवर गट नंबरच द्यायला तो का-कू करायला लागला, तर नकाशा काढायचे माझे श्रमही वाचतील.